वाळूतला अध्याय

विद्येच्या देवाच्या देवळामागे एक लांबट सभागृह आहे. एरवी तिथे चार म्हातारे बुद्धिबळ मांडून बसतात आणि पाचवा त्यांना त्यांच्या चुका सांगतो. पण त्या रविवारी दुपारी तिथे पाऊल ठेवायला जागा नव्हती. दारात चपलांचा ढीग होता, खिडक्यांच्या गजांना माणसे लटकली होती, आणि उदबत्त्यांचा धूर इतका कोंदला होता की पुढच्या रांगेतल्या बायका पंख्याने वारा घेत खोकत होत्या. कारण मरून दोन वर्षे झालेले प्राध्यापक को तिथे आपले अपुरे पुस्तक पुरे करीत होते.

"सरका, सरका! गुरूंना हवा लागू द्या!" को सरांचा एक जुना विद्यार्थी ह्वांग ओरडत होता.

मेलेल्या माणसाला हवा कशाला, असे मागच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या शी मास्तरांच्या मनात आले. पण ते बोलले नाहीत. आयुष्यभर त्यांच्या मनात आलेल्या बऱ्याच गोष्टी अशाच मनात राहिल्या होत्या.

सभागृहाच्या मधोमध काळ्या लाखेचे चकचकीत टेबल. टेबलावर लाकडी परात, परातीत चाळून घेतलेली बारीक वाळू. वाळूवर पीचच्या झाडाची एक बेचकी फांदी अधांतरी धरलेली. बेचक्याचा एक हात ल्यावच्या मुठीत, दुसरा वेईच्या मुठीत, आणि दोन हात जिथे मिळतात तिथे खाली वळलेली चोच. ल्याव पोस्टातून निवृत्त झालेला, वेई शाळेतून. दोघेही को सरांचे विद्यार्थी, दोघेही भले. फांदी थरथरली, हवेत एक गोल काढला, आणि चोच वाळूत उतरून भराभर एकात एक गुंतलेली अक्षरे ओढू लागली. अक्षर पुरे होते न होते तोच शेजारी बसलेला म्हातारा फळीने वाळू सपाट करी, आणि ह्वांग लोकांकडे तोंड करून खणखणीत आवाजात वाचून दाखवी.

"गुरू म्हणतात, 'जो बघतो तो दिसत नाही! जे दिसते ते बघत नाही!'"

"वा!" लोक म्हणाले.

या वाक्याचा अर्थ कुणी विचारला नाही. खरे सांगायचे तर को सर जिवंत असतानाही अशा वाक्यांचा अर्थ विचारायची कुणाची छाती होत नसे. मनाला देह लागतो की मन देहावाचून राहू शकते, या एका प्रश्नावर सरांनी उभे आयुष्य घालवले होते. पुस्तकाचा शेवटचा अध्याय त्याच प्रश्नाचा. तो अर्धा लिहून सर गेले. आता मेल्यावर ते स्वतःच तो पुरा करतात म्हणजे प्रश्नाचे उत्तर आपोआपच मिळाले, असे ह्वांगचे म्हणणे. गाव त्यावर खूश होते. बाहेरगावाहून बसने माणसे येऊ लागली होती.

"आता शिमू विचारणार आहेत. शांत बसा सगळे," ह्वांग म्हणाला.

सरांच्या पत्नीला सगळे शिष्य शिमूच म्हणत, आणि शिष्य म्हणतात म्हणून सगळे गावही. त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या. पाठ ताठ, केस नीट विंचरलेले, डावा डोळा निर्जीव काचेसारखा. उठायला त्यांना हाताने टेबलाची कड शोधावी लागली.

"माझ्या उजव्या डोळ्याचं काय करू?" त्यांनी हळू आवाजात विचारले. "डॉक्टर कापायचं म्हणतात."

शी मास्तरांनी खांब सोडला आणि ते दोन पावले पुढे आले. शिमूंना ताइचुंग शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांनीच नेले होते.

फांदी फिरली. वाळू खसखसली.

"गुरू म्हणतात," ह्वांगचा आवाज भरून आला. तो भरून आणायची कला त्याला चांगली साधली होती. "'खिडकी मिटते आहे, तर मिटू दे. घर आतून उजळेल. लोखंडाने पापणी उचलू नये.'"

एक बाई हुंदका देऊन रडली. शिमू रडल्या नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली, जन्मभर नवऱ्याच्या शब्दाला हलवत आल्या तशी.

*

मास्तर शिमूंना घरी पोचवायला निघाले. वाटेत म्हणाले, "शिमू, डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना? डाव्याचं आता काही होणार नाही. आत दाब वाढलाय. उजव्याचं करता येईल, पण लगेच. जे गेलं ते परत येत नाही म्हणाले."

"मी होते तिथे. कान शाबूत आहेत माझे."

"पुढच्याच्या पुढच्या सोमवारी खाट ठेवलीय त्यांनी. ती गेली तर..."

"बोचुआन," त्या थांबल्या. त्यांच्या तोंडून अजूनही आपले नाव ऐकले की मास्तरांना विद्यार्थी झाल्यासारखे वाटे. "डॉक्टरांनी माझा डोळा बघितला, एक घटकाभर. यांनी मला आख्खी बघितलीय, जन्मभर. कुणाचं ऐकू?"

"पण सर आता..."

"गेलेत, असंच ना? मग मन देहात कोंडलेलं नसतं, हे तूच पोरांना शिकवायचास. का पगारापुरतं शिकवायचास?"

मास्तरांनी खरोखरच ते शिकवले होते, आणि खरोखर मानलेही होते. आता मानतात की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यातून दुसरी एक अडचण होती. वसंतात वेई आजारी असताना ती फांदी एकदा मास्तरांनीच धरली होती. आपण जराही जोर लावायचा नाही असे ठरवून धरली होती. आणि फांदीने त्यांचा हात ओढला होता. चक्क ओढला होता. ज्याच्या स्वतःच्या हाताने असा अनुभव घेतला, त्याने दुसऱ्याला खोटे कोणत्या तोंडाने म्हणावे?

दोन दिवस त्यांनी विचार केला, म्हणजे काही केले नाही. तिसऱ्या दिवशी ते ह्वांगला चहाच्या दुकानात गाठायला गेले.

ह्वांग शेंगदाण्याची वडी मोडून खात होता. सरांच्या वर्गात तो शेवटच्या बाकावरचा. त्याचा निबंध सर फक्त एक रेघ मारून परत करीत. हल्ली त्याची चालसुद्धा सरांसारखी झाली होती. बोलण्यापूर्वी तो तसाच दोनदा खाकरे.

"बसा, शी गुरुबंधू! चेहरा का असा? शंका आलीय वाटतं?"

"शंका नाही. म्हणजे... मला वाटतं, पारखून बघावं एकदा. शिमूंच्या डोळ्याचा प्रश्न आहे."

"पारखून?" ह्वांग हसला आणि शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असा बोलू लागला. "ऐकलंत का? तत्त्वज्ञानाचे मास्तर आत्म्याला पट्टी लावून मोजणार! अहो, न्याय तोलायला कुणी भाजीवाल्याचा काटा आणतं का? चांगुलपणा उकळून बघतात का, किती अंशांवर वाफ होते ते? शास्त्र वस्तूचं असतं. आपला प्रांत वेगळा. कुणाचं वाक्य हे?"

"माझं," मास्तर म्हणाले. वर्गात ते दरवर्षी हेच सांगत.

"मग?"

"मग काही नाही. पण डोळे बांधून लिहून बघायला काय हरकत आहे? ल्याव आणि वेईचे. सर लिहीत असतील तर त्यांना या दोघांचे डोळे कशाला लागतील?"

ह्वांगने वडीचा तुकडा तोंडात टाकला. त्याचे डोळे चमकले. "बांधा की! खुशाल बांधा! गावाला दवंडी पिटू."

*

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट होती. शिमूंनीच आपले दोन रुमाल दिले. मास्तरांनी स्वतः गाठी मारल्या, खालून फट राहत नाही ना ते बोट घालून पाहिले.

फांदी उतरली आणि लिहू लागली. जराही अडखळली नाही. अक्षरे परातीच्या मधोमध, नेहमीच्याच आकाराची. पुढे वाकून बघणाऱ्या लोकांनी टाळ्या पिटल्या. ह्वांग हात पसरून गर्जला, "गुरू म्हणतात, 'ज्यांनी माझ्या लेखणीचे डोळे बांधले, त्यांच्या डोळ्यांवरची पट्टी कोण सोडणार?'"

हशा पिकला. कुणीतरी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "काय मास्तर, झालं समाधान?"

मास्तरही कसनुसे हसले. पण खरा घाव पुढे बसायचा होता. शिमू त्यांचा हात शोधत आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बरं झालं तू हे केलंस. माझ्या मनात थोडं चलबिचल होत होतं, खोटं कशाला सांगू. आता नाही. डोळे बांधले तरी त्यांना दिसतं, मग मला तरी डोळे कशाला हवेत? डॉक्टरांना कळव, खाट दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं."

घरी येताना मास्तरांच्या मनात आले, आपण गप्प बसलो असतो तर शिमू कदाचित आपल्या आपण डगमगल्या असत्या. त्यांनी पारख केली, आणि पारखेनेच शिमूंना कड्याच्या टोकाला नेऊन उभे केले. पुस्तकात रमणाऱ्या माणसाने जगात हात घातला की असेच व्हायचे, असे त्यांना वाटले. डॉक्टरांना कळवायचे मात्र त्यांनी टाळले. तेवढाच एक धीटपणा त्यांच्या हातून झाला.

*

आठवडाभर मास्तर जेवणाच्या टेबलाशी बसून राहिले. त्यांची बायको श्यूचू कालवे सोलत आणि भांडी आपटत त्यांच्याभोवती वावरत होती.

"अहो, तुमच्या त्या सरांच्या घरी तुम्ही सगळे दर महिन्याला जमायचात. विद्येची पहिली पायरी कोणती म्हणून वाद घालायचात. काय होती हो ती?"

"वस्तूपाशी जा," मास्तर म्हणाले. जुन्या विद्वानांचे सूत्र. त्यातल्या 'जा'चा अर्थ काय, यावर सरांच्या बैठकीत वर्षानुवर्षे घनघोर चर्चा झाली होती.

"आणि गेलं का कुणी?"

"कुठे?"

"वस्तूपाशी हो! का चहा पिऊन आपापल्या घरी?"

मास्तरांना हसू आले, आणि वाईटही वाटले. कुणीही गेले नव्हते. वाद इतका रंगत असे की जायचे राहूनच जाई.

त्यांनी कुंचला शाईत बुडवला, डोळे घट्ट मिटले आणि कागदावर आपले नाव काढले. डोळे उघडून बघितले. नाव चांगले आले होते. पुन्हा मिटून काढले; पुन्हा चांगले. म्हणजे डोळे बांधल्याने काहीच सिद्ध झाले नव्हते. जन्मभर लिहिलेल्या हाताला डोळा लागत नाही. आपली पारखच कच्ची होती! लोकांनी टाळ्या पिटल्या त्या ल्याव-वेईच्या हातांच्या सवयीला.

ते कळूनही पुढचे सुचेना. त्यांनी डोळे मिटले आणि सरांचे नाव काढायला घेतले.

"अहो! अहो, काय करताय!"

डोळे उघडले तर अर्धे नाव टेबलावर होते. शेवयांचा वाडगा ठेवायला जागा हवी म्हणून श्यूचूने कागद अलगद बाजूला सरकवला होता, आणि मास्तरांचा कुंचला जुन्या जागीच खुशाल चालला होता.

"आता ही शाई कोण पुसणार? तुमचे सर?"

मास्तर शाईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुसू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे, मी पुसतो. जरा वेळाने." आणि ते शेवया न खाताच उठून अंगणात येरझाऱ्या घालू लागले.

*

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताइचुंगची बस धरायची होती, किंवा धरायची नव्हती.

वाळू सपाट करणाऱ्या म्हाताऱ्याला मास्तरांनी सकाळीच गाठले. "आजच्या दिवस मी बसू का तुमच्या जागी? सरांची सेवा माझ्या हातून फारशी झाली नाही." म्हातारा गुडघ्यांनी बेजार होता, त्याने आनंदाने फळी दिली. ह्वांगलाही बरेच वाटले. शंका काढणारा आता वाळू सारायला बसतोय, याहून मोठा विजय कुठला?

"डोळे बांधायचे आज?" मास्तरांनी जमिनीकडे बघत विचारले.

"म्हणजे काय! लोक त्याच्यासाठीच तर येतात आता," ह्वांग म्हणाला.

रुमाल बांधले गेले. ह्वांगने दोनदा खाकरून लोकांकडे तोंड केले. फांदी धरली होती तेव्हा मास्तरांचे सारे लक्ष हातावर होते; आज ते प्रथमच इतक्या जवळ बसून बघत होते, आणि एक गोष्ट त्यांना मागच्या खांबापासून कधी दिसली नव्हती ती आता दिसली. ह्वांग वाळूकडे बघतच नव्हता. सुरुवातीला एक नजर टाकी. मग बायकांच्या रांगेकडे, दाराकडे, छताकडे. अक्षरे काय आली याची त्याला गरजच नव्हती. फळी ती लगोलग पुसून टाकीत होती.

"गुरू म्हणतात, 'आज अध्यायाचा शेवट...'"

मास्तरांनी फळी फिरवली. फांदी हवेत गोल काढत होती. त्यांनी परात दोन्ही हातांनी धरली आणि अलगद, आवाज न करता, आपल्या पोटाशी ओढून घेतली.

फांदी खाली उतरली. टेबलावर.

खर्र, खर्र, खर्र. लाखेवर चोच घासत होती आणि जोमाने अक्षरे काढत होती. ल्याव आणि वेई तल्लीन झाले होते. परात हातभर अलीकडे होती आणि तिच्यातल्या वाळूवर एक रेघही नव्हती.

"'...देह म्हणजे दिवा, मन म्हणजे प्रकाश!'" ह्वांग छताकडे बघत गर्जला. "'तेल संपले तरी प्रकाश संपत नाही! शंकेची फुंकर...'"

पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसले. कुणीतरी "अगंबाई" म्हटले. मागच्यांना काही दिसत नव्हते. ते "काय झालं, काय झालं" करू लागले. ह्वांग आणखी एक ओळ बोलला, मग त्याची नजर खाली गेली आणि वाक्य तोंडातच राहिले.

शिमूंना काही दिसले नव्हते. पण त्या केव्हाच उठून उभ्या राहिल्या होत्या.

"हे कशावर लिहितायत?" त्या म्हणाल्या. "आवाज लाकडाचा येतोय."

त्या चाचपडत टेबलापाशी आल्या. त्यांचा हात आधी फांदीवर पडला. तिच्यावरून खाली चोचीवर गेला, चोचीखालच्या गुळगुळीत लाखेवर गेला. मग टेबलावरून सरकत परातीच्या काठावर आला आणि वाळूत उतरला. त्यांनी सबंध वाळूवरून तळवा फिरवला.

"इथे काहीच नाहीये," त्या म्हणाल्या. "ह्वांग, तू काय वाचत होतास?"

पण ह्वांग असा हरणारा नव्हता.

"गुरू रागावले!" तो ओरडला. "शंकेखोराच्या हाताची वाळू त्यांनी नाकारली! म्हणून लाकडावर लिहिलं! केवढा चमत्कार!"

"खरंय!" मागून दोघे-तिघे ओरडले. "मास्तरांना बाहेर काढा!"

मास्तर उठले. "म... मला बाहेर काढा. जरूर काढा. पण आधी पुन्हा करून बघू. परात मी नाही, तुमच्यातलं कुणीही सरकवा. कधी सरकवा, कधी सरकवू नका. सर रागावले असतील तर ते कळेलच. मला... मला चुकायला काही वाटणार नाही. चुकलो तर बरंच वाटेल."

"काही गरज नाही! देवाची परीक्षा..." ह्वांग म्हणू लागला.

"गरज आहे," असे कुणीतरी म्हणाले. तो ल्याव होता. त्याने रुमाल वर सरकवून टेबलावरचे ओरखडे पाहिले होते. "मी शपथेवर सांगतो, मी जोर लावत नाही. मला ओढल्यासारखंच वाटतं. पण हे काय आहे मग? बांधा माझे डोळे परत. मलासुद्धा कळायला हवं."

वेईनेही मान डोलावली. गर्दीतल्या एका मासळीवाल्या बाईला पुढे बोलावले. ती खट्याळ, तिने परात कधी डावीकडे सारली, कधी मागे नेली, कधी नुसताच सारल्याचा आवाज केला आणि जागेवर ठेवली. फांदी दरवेळी जुन्या जागी उतरली. परात तिथे असली की वाळूत, नसली की लाखेवर. एकदा तर बाईने परात उचलून डोक्यावरच धरली. लोक आधी हसत होते. मग हसायचे थांबले. शेवटी ल्यावने फांदी सोडली, रुमाल काढला आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ज्याला डोळ्यांची गरज नाही तो परात कुठे आहे हे बघू शकला असता. ही फांदी ल्याव आणि वेईला जेवढे ठाऊक होते तेवढेच जाणत होती, त्याहून तिळभर जास्त नाही. दोघांच्या हातांत ती धरलेली. एकाचा हात नकळत किंचित हलतो, दुसऱ्याला ती ओढ वाटते, तो तिच्यामागे जातो, आणि मग पहिल्याला ओढल्यासारखे वाटते. दोघेही खरे बोलतात, आणि फांदी चालते. वसंतात मास्तरांचा हात ओढला तो असा. त्या दोघांच्या गिचमिडीवर वाक्ये चढवायचा तो ह्वांग, आणि ती वाक्ये तो घरूनच आणीत असे किंवा ऐनवेळी रचीत असे.

"का केलंस?" शिमूंनी विचारले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ऐकवत नव्हते.

ह्वांग खाकरला नाही. तो स्वतःच्या आवाजात बोलला. तो आवाज बारीक होता. "मी कुणाकडून काही घेतलं नाही, शिमू. अध्याय अपुरा होता. मला तो पुरा करता येत होता. सरांनी माझं कधी काही वाचलं नाही. त्यांच्या नावाने बोललो तेव्हा सगळ्यांनी ऐकलं."

"आणि माझा डोळा?"

"त्या अध्यायात..." तो अडखळला. "त्या अध्यायात इंद्रियं गौण आहेत असा सिद्धांत होता. तुम्ही विचारलंत तेव्हा... तसंच उत्तर यायला हवं होतं. ते त्याच्यात बसत होतं."

मास्तरांना राग यायला हवा होता. पण त्यांना फक्त दमल्यासारखे झाले. सिद्धांतात बसते म्हणून एका बाईचा डोळा जायचा होता, आणि तो सिद्धांत त्यांनीही जन्मभर गोडीने शिकवला होता.

परतताना शिमू वाटेत एकच वाक्य बोलल्या. "तू मला दुसऱ्यांदा विधवा केलंस, बोचुआन."

मास्तरांनी मान खाली घातली. नाकारण्यासारखे त्यात काही नव्हते.

"सकाळची बस किती वाजता आहे?" दारापाशी पोचल्यावर शिमूंनी विचारले.

*

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती आणि फार मिळालेही नाही. डावा डोळा गेला तो गेलाच. उजव्याला जेवढे दिसत होते तेवढे राखले. आठवड्याने पट्टी सुटली तेव्हा शिमूंनी आधी खिडकी पाहिली, मग मास्तरांना पाहिले आणि म्हणाल्या, "किती म्हातारा झालास रे."

श्यूचूने डब्यातून शेवया पाठवल्या होत्या. त्या त्यांनी स्वतःच्या हाताने, सांडू न देता खाल्ल्या. मग चॉपस्टिक्स नीट शेजारी ठेवून त्यांनी विचारले, "मग ते कुठेच नाहीत का?"

मास्तरांना वाटले, इथे काहीतरी गोड बोलावे. आयुष्यभर ज्या विषयावर बोललो त्यावर दोन वाक्ये कशीही जुळवता येतील. पण त्यांनी ती जुळवली नाहीत.

"ते मला माहीत नाही, शिमू. मन देहावाचून राहतं की नाही, हेही मला माहीत नाही. कदाचित कधीच कळणार नाही. एवढंच कळलं की त्या फांदीत ते नव्हते."

"एवढंच?"

"एवढंच. पण ते नक्की."

शिमूंनी बाहेरच्या रस्त्याकडे पाहिले. "बरं," त्या म्हणाल्या. "मग त्यांचा अध्याय तसाच छापा. अर्धा."

गावात पुढे काय झाले, हे सांगायला फारसा उत्साह वाटत नाही. सभागृहात म्हातारे पुन्हा बुद्धिबळ मांडू लागले. ज्यांनी डोळ्यांनी सगळे बघितले होते त्यांतले कित्येक जण महिन्याभरातच बसने शेजारच्या गावी जाऊ लागले, तिथे म्हणे एका बाईच्या अंगात कुठलासा सेनापती येतो, आणि "इथलं खोटं होतं हो, पण तिथलं खरंय." मास्तरांना कुणी विचारले तर ते वाद घालीत नाहीत. वादाने कुणाचा डोळा वाचला नाही, हे त्यांनी पाहिले आहे.

तरीही जे सांगायचे ते सांगितले पाहिजे. आत्मा, मन, ज्ञान हे प्रश्न मोठे आहेत, आणि त्यांच्यावर विचार करणे हे माणसाला शोभणारे काम आहे. कुठलीही प्रयोगशाळा ते काम आपल्या हातून काढून घेत नाही. पण त्या मोठ्या प्रश्नाच्या नावाने कुणी एखादी साधी गोष्ट सांगू लागला, की ही फांदी आपोआप चालते, हा अंगारा ताप उतरवतो, हा डोळा कापू नका, तर ती गोष्ट बघता येते. तिथे विचार पुरत नाही. तिथे उठून जावे लागते. एकदा बघून भागले नाही तर दुसऱ्यांदा, पारख कच्ची निघाली तर तिची लाज न बाळगता आणखी पक्की करून बघावे लागते. आपल्याला खरेच जाणवले, एवढ्यावरही थांबता येत नाही. ल्यावलाही खरेच जाणवले होते. यात काही पांडित्य नाही, आणि टाळ्याही फारशा मिळत नाहीत. पण ज्याच्या उत्तरावर दुसऱ्या कुणाचे हात, पाय, डोळे अवलंबून आहेत, त्याने निदान एवढे कष्ट घेतल्यावाचून तोंड उघडू नये.